यंत्राच्या शब्दाला जामीन कोण?

गुढीपाडव्याला पंचांगातील संवत्सरफल ऐकण्याची आपल्याकडे चाल आहे. पाऊस किती, धान्य महाग की स्वस्त, राजा कोण आणि मंत्री कोण, हे जोशीबुवा वाचून दाखवितात आणि ऐकणारा कडुनिंबाची पाने चघळीत ते ऐकतो व विसरतो. इंग्रजी वर्ष सरू लागले की माहिती-तंत्रज्ञानाच्या क्षेत्रातही आता असेच संवत्सरफल वाचले जाते. फरक एवढाच, की हे नवे जोशीबुवा दक्षिणा डॉलरांत घेतात, आणि ऐकणारे कारखानदार, बँकवाले व व्यापारी ते विसरत नाहीत. त्यावर विसंबून कोट्यवधी रुपयांची खरेदी करतात. तेव्हा या भविष्याची झडती घेणे प्राप्त आहे.

२०१७-१८ च्या सुमारास ‘ब्लॉकचेन’ नावाच्या हिशेबवहीने जगाचा व्यापार पालटणार असे सांगितले जात होते. मर्स्क आणि आयबीएम या दोन बलाढ्य कंपन्यांनी जहाजी मालाच्या कागदपत्रांसाठी २०१८ मध्ये ‘ट्रेडलेन्स’ ही योजना थाटाने पुढे आणली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती बंद करण्याची घोषणा त्यांनाच करावी लागली. त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या शेअरबाजाराने याच तंत्रावर उभारावयाची आपली योजना थांबविली आणि सुमारे २५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर बुडीत खाती लिहिले. आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला ‘चॅटजीपीटी’ लोकांसाठी खुले झाले! एका ग्रहाचा अस्त आणि दुसऱ्याचा उदय इतक्या नेमक्या मुहूर्तावर क्वचितच होतो.

आशेची भाकिते फसतात तशी भीतीचीही फसतात. संगणक आला की कारकुनाच्या पोटावर पाय येणार, या भीतीने साठीच्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या संगणकाविरुद्ध कलकत्त्यात मोठे आंदोलन झाले. त्यानंतर केंद्र सरकारने पुण्याच्या प्रा. वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नाचा विचार करण्यासाठी समितीच नेमली होती. पुढे काय झाले हे हिंजवडीच्या रस्त्यावर सकाळी अडकून पडलेल्या कोणालाही सांगावे लागू नये. ज्या यंत्राची धास्ती बापाने घेतली, त्याच यंत्रावर मुलाने घर बांधले.

मग २०२७ सालचे फल काय? सर्वत्र एकच नाद ऐकू येतो. कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र यापुढे केवळ प्रश्नांची उत्तरे देऊन थांबणार नाही. ‘एजंट’ बनून ते परस्पर माल मागवील, बिले चुकती करील, ग्राहकाशी बोलून तंटा मिटवील. गंमत अशी, की भविष्यकथनात अग्रगण्य मानल्या जाणाऱ्या गार्टनर या संस्थेनेच जून २०२५ मध्ये सांगून ठेवले आहे, की अशा योजनांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक योजना २०२७ संपण्यापूर्वीच गुंडाळल्या जातील. आम्हांला यापैकी कोणत्याच आकड्याची पैज घ्यावयाची नाही. यंत्र काय काय करील यापेक्षा त्याने केलेल्या चुकीला जबाबदार कोण, हाच येत्या वर्षी व्यवसायापुढचा खरा प्रश्न राहील, असे आमचे मत आहे.

त्याचा पहिला निवाडा कॅनडात लागून गेला आहे. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील बोलक्या यंत्राने, आप्ताच्या निधनामुळे प्रवास करणाऱ्या एका उतारूला सवलतीविषयी चुकीची माहिती दिली. कंपनीने लवादापुढे चक्क असा पवित्रा घेतला, की हे यंत्र ही स्वतंत्र विधिमान्य व्यक्ती असून आपल्या बोलण्यास तेच जबाबदार आहे! फेब्रुवारी २०२४ मध्ये लवादाने हा युक्तिवाद फेटाळला आणि भरपाई कंपनीच्या गळ्यात घातली. रक्कम किरकोळ होती, तत्त्व किरकोळ नव्हते. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये डेलॉइट या सल्लागार कंपनीस ऑस्ट्रेलियन सरकारला दिलेल्या अहवालापोटी घेतलेल्या पैशांचा काही भाग परत करावा लागला. कारण यंत्राच्या मदतीने लिहिलेल्या त्या अहवालात अस्तित्वातच नसलेल्या लेखनाचे दाखले निघाले.

आपल्याकडे हा प्रश्न कायद्याच्या वाटेने येत आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि प्रमुख तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. त्या हिशेबाने मे २०२७ उजाडतो. ग्राहकाची माहिती सुरक्षित राखण्यात कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. माहिती फुटली तर त्या ग्राहकासही कळवावे लागेल. हे केवळ मोठ्या कंपन्यांपुरते आहे असे समजू नये. बिल करताना प्रत्येक गिऱ्हाइकाचा मोबाईल नंबर टिपून घेणारा दादरचा साडीवाला, विद्यार्थ्यांच्या पत्त्यांची यादी बाळगणारा शिकवणीवर्ग, सभासदांचे दाखले संगणकात ठेवणारी पतसंस्था, या सर्वांनी आपल्या दप्तरात काय साठले आहे ते एकदा उघडून पाहिले पाहिजे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून दोन दिवसांच्या व्यवहारांत ९४ कोटी रुपये चोरट्यांनी काढून नेले होते. घर लहान म्हणून चोर येत नाही, असे नव्हे.

आणि चोर न येताही घर बंद पडू शकते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या एका कंपनीने पाठविलेल्या सदोष सुधारणेमुळे जगभरात सुमारे ८५ लाख संगणक ठप्प झाले. आपल्या विमानतळांवर उतारूंना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते लिहू शकणारी माणसे त्या दिवशी तेथे होती, हे महत्त्वाचे.

येथेच आमच्या चिंतेचे मूळ आहे. टाटा कन्सल्टन्सी या मुंबईच्या कंपनीने जुलै २०२५ मध्ये सुमारे बारा हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा ठाण्या-पुण्याच्या किती घरांत त्या रात्री गृहकर्जाच्या हप्त्याचा विषय निघाला असेल! ही कपात कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे नव्हे, असे कंपनीने म्हटले. ते मान्य करू. परंतु स्वीडनच्या क्लार्ना कंपनीने २०२४ मध्ये आपले यंत्र सातशे माणसांचे काम करते अशी फुशारकी मारली आणि २०२५ मध्ये सेवेचा दर्जा घसरल्याचे कबूल करून पुन्हा माणसे घेण्यास आरंभ केला, हेही विसरता येणार नाही. नवशिक्या मुलांची भरती यंत्राच्या भरवशावर बंद केली, तर यंत्राची चूक ओळखण्याइतका अनुभवी माणूस पाच वर्षांनी आणावयाचा कोठून? असा माणूस बाजारात तयार मिळत नाही. तो हाताखाली चुका करीतच घडतो.

कंपन्यांचे संचालक येत्या वर्षीच्या यंत्रखरेदीचा आकडा भागधारकांपुढे अभिमानाने ठेवतीलच. त्याच्या शेजारी, त्या यंत्राचे काम तपासणाऱ्या माणसांच्या पगाराचा आकडाही त्यांनी मांडावा. तो रकाना कोरा आढळला, तर वार्षिक सभेत चहा-फराळापूर्वी उभे राहून त्याचे कारण विचारण्याचा अधिकार लहानात लहान भागधारकालाही आहे.