ठिपक्यांचा बायसन कोणाचा?

'लकोटा हे बायसनचे शिकारी. गाय गोऱ्यांची; तिच्या नादी त्यांनी लागूच नये.' अमेरिकेत दक्षिण डकोटातल्या पाईन रिज आणि रोझबड या लकोटा आदिवासींच्या राखीव प्रदेशांबद्दल हा आक्षेप घेतला जातो. मला तो साफ अमान्य आहे.

लकोटा भाषेत गाईगुरांना 'प्टेग्लेश्का' म्हणतात, म्हणजे ठिपक्यांचा बायसन. त्यांनी गाईला ओळखीच्या नात्यात बसवून घेतले. अमेरिकी सरकारशी झालेल्या 1868च्या फोर्ट लॅरमी करारात शेती करू लागणाऱ्या कुटुंबाला एक गाय, बैलजोडी आणि काही वर्षे शिधा देण्याचे वचन होते. 1876मध्ये त्याच शिध्याचा फास झाला: ब्लॅक हिल्सचे डोंगर सोडा, नाहीतर अन्न बंद. तरीही विसाव्या शतकाच्या आरंभी पाईन रिजच्या ओग्लाला लकोटांनी मोठे कळप उभे केले. पहिल्या महायुद्धात मांसाचे भाव चढले, तेव्हा सरकारी अधिकाऱ्यांनी त्यांना गुरे विकायला लावली आणि मोकळी कुरणे बाहेरच्या पशुपालकांना भाड्याने गेली. यात गाईचा काय दोष?

'पण त्यांना धंदा जमत नाही.' स्टँडिंग रॉक या राखीव प्रदेशातल्या मेरिलिन आणि जॉर्ज कीपसीगल या पशुपालक दांपत्याने 1999मध्ये इतरांसह अमेरिकेच्या कृषी खात्याला कोर्टात खेचले. तक्रार होती आदिवासींना कर्ज देताना होणाऱ्या भेदभावाची. 2010मध्ये 76 कोटी डॉलरची तडजोड झाली. भांडवल अडवायचे आणि मग नालायक ठरवायचे, हा न्याय नव्हे.

गुरे कुरण उजाड करतात, हे मात्र खरे आहे. एकाच जागी बांधून ठेवली तर. त्या माळावरचे गवत बायसनच्या खुरांखालीच वाढले. कळप फिरता ठेवला, चरलेल्या तुकड्याला विसावा दिला, तर मुळे पुन्हा जोम धरतात. रोझबडवर 2020पासून वोलाकोटा प्रकल्पात सुमारे 28,000 एकरांवर बायसन परतत आहेत, याचा मला आनंदच आहे. त्यासाठी गाय हाकलायची गरज नाही.

खरी गळती पुढे आहे. शरद ऋतूत वासरे विकली जातात, दूरच्या गोठ्यांत मक्यावर पोसली जातात, आणि त्याच माळावरची माणसे दुकानातले महागडे, नाहीतर सरकारी वाटपातले डबाबंद मांस खातात. म्हणून कुरणाच्या भाडेपट्ट्यात जमातीच्या पशुपालकांना पहिला हक्क हवा आणि जवळच तपासणी होणारा छोटा कत्तलखाना हवा. खच्ची केलेल्या एका तयार गोऱ्ह्यापासून साधारण 200 किलो मांस मिळते. ते शाळेच्या जेवणात, म्हाताऱ्यांच्या ताटात, घरच्या फ्रीझरमध्ये तिथल्या तिथे राहू द्या.