खाण बंद, हिशेब बाकी

मी वणी-घुग्गुसच्या कोळसा पट्ट्यात वाढलो. दोरीवर वाळत घातलेले पांढरे कपडे संध्याकाळपर्यंत राखाडी व्हायचे. त्यामुळे कोळशाचं प्रदूषण म्हणजे धूळ, आणि खाण बंद पडली की धूळही बसते, असंच मी समजत होतो. मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांबद्दल वाचलं आणि हा समज गळून पडला.

तिथल्या कोळशात गंधक जास्त आहे. लोह आणि गंधकापासून बनलेलं पायराइट हे खनिज जमिनीखाली असतं, तोवर त्याचा कुणाला त्रास नसतो. खोदकामाने त्याला हवा आणि पाणी मिळालं की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. हे आम्ल खडकातले धातू विरघळवत ओढ्यात उतरतं आणि लोहाचा नारिंगी गाळ तळाशी साचतो. काही ओढ्यांच्या पाण्याचा सामू 4 च्याही खाली आढळला आहे. शुद्ध पाण्याचा सामू 7 असतो. म्हणजे ही आम्लता हजार पटींहून अधिक झाली. अशा पाण्यात मासे जगत नाहीत. शेजारच्या आसाममधल्या कोपिली जलविद्युत प्रकल्पाची यंत्रंसुद्धा या आम्लाने गंजली. जिथे लोखंड टिकत नाही, तिथे माणसाने काय प्यायचं?

राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल 2014 मध्ये तिथल्या उंदीरबिळांसारख्या खाणींवर बंदी घातली. बंदी योग्यच होती, पण आम्लाला ती लागू होत नाही. उघड्या पडलेल्या बिळांत पाऊस शिरत राहतो आणि आम्ल झिरपत राहतं. बेकायदा खोदकामही थांबलं नाही. डिसेंबर 2018 मध्ये क्सान इथल्या खाणीत नदीचं पाणी घुसलं आणि 15 मजूर आत अडकले.

माझा आक्षेप इथेच आहे. कोळसा विकला गेला, पैसा खिशात गेला, मालक निघून गेला. मागे उरलेला खड्डा मात्र ओढ्याकाठच्या माणसाच्या वाट्याला आला. 2019 मध्ये लवादाने मेघालय सरकारला 100 कोटी रुपये भरायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम कोळशावरच्या आकारणीतून जमलेल्या पर्यावरण निधीतून देण्याची मुभा दिली. पैसा कुठूनही येवो, तो ओढ्यापर्यंत पोहोचला का, हा खरा प्रश्न आहे. ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी, आणि पर्यावरण पूर्ववत करण्याचा खर्चही त्यानेच सोसावा’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच मान्य केलं आहे. अमेरिकेत 1977 पासून कोळशाच्या प्रत्येक टनामागे शुल्क घेऊन जुन्या, सोडून दिलेल्या खाणींची डागडुजी केली जाते. चुनखडीने आम्ल मारता येतं, पाणथळ जागा तयार करून गाळ अडवता येतो. उपाय माहीत आहेत. कमी आहे ती बिल भरण्याची इच्छा.

‘रोजगार हवा की नदी?’ असा प्रश्न आपल्याला टाकला जातो. हा प्रश्नच लबाड आहे. रोजगार खाण असेपर्यंतच असतो. बिघडलेलं पाणी नातवंडांपर्यंत पुरतं.

मित्रांनो, मुसलमान तरुणाने ठरावीक चार विषयांवरच बोलावं, अशी अपेक्षा बाहेरच्यांची असते आणि कधी कधी आपल्या माणसांचीही. मला ती मान्य नाही. नद्या आणि तळी जपणं हे संविधानाच्या कलम 51अ ने प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य ठरवलं आहे. त्यात धर्माचा रकाना नाही.

आपल्या विदर्भातला कोळसा जैंतियाइतका गंधकाचा नाही, हे खरं. पण खाणी इथल्याही एक दिवस बंद होणारच आहेत. कोळसा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार खाण बंद करण्याची योजना आधीच करावी लागते आणि त्यासाठी पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. तुमच्या गावाजवळच्या खाणीची ती योजना माहितीच्या अधिकारात मागा. जनसुनावणीला जा आणि तीन प्रश्न विचारा: खाण बंद झाल्यावर पाणी कुठे जाणार? ते कोण तपासणार? किती वर्षं?

उत्तर लेखी घ्या. मालक अजून गावात आहे, तोवरच ते मिळेल.