गणित सोडायचं कुणी ठरवलं?

दहावीचा निकाल लागला की येवल्यात दरवर्षी एक गोष्ट अगदी गुपचूप घडते. भांडण होत नाही, रडारड होत नाही, पोलिसांत तक्रार जात नाही. त्यामुळे आपल्यासारख्या संघटनांच्या वहीतही तिची नोंद होत नाही. अकरावी सायन्सच्या फॉर्मवर मुलीच्या नावापुढे जीवशास्त्र राहतं आणि गणित जातं. फॉर्म बहुतेक वेळा सायबर कॅफेत बसून चुलतभाऊ नाहीतर मामा भरतो. ‘हिला कशाला गणित? नर्सिंगला लागत नाही, डी.फार्मसीला लागत नाही,’ एवढ्या एका वाक्यात निकाल लागतो. मुलीला विचारलं तर तीही म्हणते, ‘मला जमत नाही ना, ताई.’ जमत नाही हे तिला कुणी सांगितलं, असं विचारलं की ती गप्प बसते.

मी एम.एस.डब्ल्यू. केलेली कार्यकर्ती. येवला तालुक्यात बचत गटाच्या बायकांबरोबर आणि किशोरी मुलींबरोबर काम करते. माझं स्वतःचं शिक्षण आर्ट्सकडचं, त्यामुळे गणिताशी संबंध दहावीनंतर संपला होता. पण किशोरी गटात सायन्सच्या मुली सारखं एकच सांगत, ‘अकरावी कशीबशी निघते. बारावीला इंटिग्रेशन आलं की संपलं.’ हे इंटिग्रेशन, म्हणजे मराठीतलं समाकलन, असं आहे तरी काय, हे बघायचं मी ठरवलं. एका कॉलेजात प्राचार्यांची आणि शिकवणाऱ्या सरांची रीतसर परवानगी काढली आणि बारावीच्या तासांना वही घेऊन मागच्या बाकावर जाऊन बसले. ‘मॅडम, तुम्ही नवरा-बायकोच्या केसेस बघता, तुम्हाला इंटिग्रेशन कशाला?’ असं हसून विचारणारे भेटले. त्यांना द्यायचं उत्तर म्हणजेच हा लेख.

समाकलन म्हणजे बदलत्या गोष्टीची बेरीज. सारख्या गोष्टीची बेरीज कुणालाही येते. आठ तास, तासाला पन्नास रुपये, झाले चारशे. पण जी गोष्ट क्षणाक्षणाला बदलते तिची बेरीज कशी करायची? तिचे बारीक बारीक तुकडे पाडायचे, इतके बारीक की त्या तुकड्यापुरता बदल नगण्य ठरावा, आणि मग सगळे तुकडे मिळवायचे. येवल्यातल्या बाईला हे नवं नाही. पैठणीच्या पदरावर कोयरी विणताना ती आडव्या धाग्याधाग्यानं भरत जाते. खाली अरुंद, मध्ये रुंद, वर पुन्हा अरुंद. एकेका ओळीत जर किती लागली त्याची बेरीज म्हणजे त्या कोयरीचं क्षेत्रफळच. मागावर हे हातानं होतं, कॉलेजात चिन्हानं, एवढाच फरक.

आपल्याकडचंच दुसरं उदाहरण घेऊ. कांद्याच्या भरवशावर जगणाऱ्या या दुष्काळी तालुक्यात शेततळ्याचा हिशोब सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. नेहमीचं शेततळं वर ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असतं. बाजूंना एकास एक उतार, म्हणून तळ २४ बाय २४ मीटरचा. यात पाणी किती मावतं? सरळ गुणाकार केला तर २७०० घनमीटर येतं, पण उतारामुळे तेवढं मावत नाही. पाण्याचे कागदासारखे पातळ थर कल्पून त्यांची बेरीज केली, म्हणजेच समाकलन केलं, की उत्तर येतं २१९६ घनमीटर, जवळजवळ २२ लाख लिटर. आता तळ्यात काठी घातली आणि ती निम्मी भिजली, म्हणजे पाणी दीडच मीटर राहिलं. सगळे म्हणतात, निम्मं पाणी आहे. तसं ते नसतं. तेव्हा तळ्यात ९७६.५ घनमीटर पाणी असतं, भरलेल्या तळ्याच्या सुमारे ४४ टक्के. तळ खाली निमुळता असतो, म्हणून खालच्या दीड मीटरमध्ये पाणी कमी मावतं. निम्मं समजून शेवटच्या पाळ्या ठरवल्या तर मार्चमध्ये कांदा वाळतो. तळ्याच्या काठावर मोटार चालू-बंद करायला बऱ्याचदा बाई असते, पण हा हिशोब तिच्या हातात द्यावा असं कुणाला वाटत नाही.

तासाला बसल्यावर माझ्या एक लक्षात आलं. समाकलनाच्या आधी मुलं अवकलन शिकतात. त्यात नियम ठरलेले असतात. नियम लावला, पायऱ्या लिहिल्या की उत्तर येतं. पाठांतर आणि टापटीप यांच्या जोरावर मुली त्यात छान मार्क मिळवतात. समाकलनात तसं चालत नाही. समोरचं पद कुठल्या वाटेनं सुटेल हे आधी कळत नाही. एक वाट धरायची, दोन पायऱ्यांनंतर ती बंद झाली की खोडायचं आणि दुसरी धरायची. एकेका गणिताला वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात आणि त्यात मध्येच कुणी उठवलं की धागा तुटतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. म्हणजे समाकलनाला दोन गोष्टी लागतात, सलग वेळ आणि चुकायची मुभा. मैत्रिणींनो, आपल्या घरांत मुलीला नेमक्या या दोन गोष्टी मिळत नाहीत.

वेळेचंच पाहा. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यानं २०२४ मध्ये देशभर वेळ-वापराची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि असं काम करणाऱ्या पुरुषाची ८८. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बाईचं काम दहा मिनिटांनी घटलं आणि पुरुषाचं नऊ मिनिटांनी, म्हणजे दोघांमधलं अंतर जिथल्या तिथं राहिलं. २८९ मिनिटांची वर्षाची बेरीज केली तर १७५८ तास होतात, आठ तासांच्या पाळीचे जवळजवळ २२० दिवस. हे काम एका ठिकाणी ढीग घालून दिसत नाही. पाच मिनिटं पाणी, दहा मिनिटं भांडी, तीन मिनिटं कुणाला चहा, असं तुकड्यातुकड्यानं ते होत राहतं, म्हणून कुणाच्या नजरेत भरत नाही. त्याची बेरीज करणं हेही एका अर्थी समाकलनच आहे, आणि स्त्री-चळवळीनं घरकामाचं मोल मागितलं तेव्हा हीच बेरीज समाजापुढे ठेवली होती.

या कामातला मुलीचा वाटा आईच्या पाठोपाठ येतो. आई मागावर असेल तर कांड्या भरायच्या, भावाला जेवायला वाढायचं, पाहुणे आले तर वही मिटायची. ‘ताई, सलग बसूच देत नाही कुणी,’ असं एक मुलगी मला म्हणाली. तिचा भाऊ त्याच घरात त्याच वेळी दार लावून अभ्यास करत होता. त्याचं दार वाजवायची कुणाची हिंमत नव्हती. वार्षिक परीक्षेत त्याला गणितात जास्त मार्क पडले आणि घरात एकमतानं ठरलं की मुलांचं डोकं गणितात चालतं!

चुकायच्या मुभेचीही तीच गत. मुलगा गणितात नापास झाला तर त्याला क्लास लावतात, पुन्हा परीक्षेला बसवतात. मुलगी एकदा घसरली की स्थळं बघायला सुरुवात होते. एका चुकीची किंमत जिला सबंध शिक्षणानं मोजावी लागते, ती अवघड वाट धरेलच कशाला? ती खात्रीचा विषय घेते. आपण त्याला तिची आवड म्हणतो.

क्लासचा प्रश्न वेगळाच. अकरावीपासून सायन्सची पुस्तकं इंग्रजीत. मराठी शाळेतून आलेल्या मुलीला गणिताबरोबर भाषेशीही झुंजावं लागतं आणि मग क्लासशिवाय चालत नाही. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट आहे, पण क्लास कॉलेज सुटल्यावर, आणि गावाकडची गाडी त्याच सुमाराला सुटते. मुलगा मागून मोटारसायकलवर कुणाच्या तरी मागे बसून येतो. मुलीनं तसं यायचं म्हटलं तर गावात चर्चा होते. शेवटी गणित ठरवतं कोण? एसटीचं वेळापत्रक आणि गावाची जीभ.

आपल्या परंपरेतलं गणिताचं सर्वांत प्रसिद्ध नाव बाईचं आहे, लीलावती. भास्कराचार्यांचं नाव चाळीसगावजवळच्या पाटणशी जोडलेलं आहे. मनमाडहून रेल्वेत बसलं की चाळीसगाव येतं. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं तिथं मठ काढला, असं सांगणारा १२०७ सालचा शिलालेख पाटणला आहे. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त गोलाचं पृष्ठफळ काढताना भास्कराचार्यांनी गोलाच्या पट्ट्या पाडून त्यांची बेरीज केली. समाकलनाच्या वाटेवरचंच हे पाऊल. आणि लीलावतीची गोष्ट? मुहूर्ताच्या घटिकापात्रात मोती पडला, वेळ चुकली, लग्न हुकलं, म्हणून बापानं मुलीच्या समाधानासाठी तिच्या नावानं गणित लिहिलं. ही कथा फैजीनं १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरात येते, म्हणजे भास्कराचार्यांनंतर चारशे वर्षांनी. खरी-खोटी कशी का असेना, ती आपल्याला इतकी का आवडली याचा विचार करायला हवा. लग्न हुकलं म्हणून गणित मिळालं, हे तिचं सार. येवल्यात आज तेच उलट्या बाजूनं चालतं. लग्न व्हायचंय म्हणून गणित जातं. दोन्हीकडे गणित हे लग्नाच्या हिशोबातलं उरलंसुरलं. मुलीला ते आवडतं म्हणून मिळालं, अशी लोककथा आपल्याकडे का नसावी?

बाईच्या डोक्यात गणित बसत नाही म्हणणाऱ्यांना दोन नावं सांगावीत. बीजगणितापासून समाकलनापर्यंत सगळं एकत्र मांडणाऱ्या अगदी सुरुवातीच्या पाठ्यपुस्तकांतलं एक १७४८ साली मिलानच्या मारिया आग्नेसी या बाईनं लिहिलं. पुढं तिनं आयुष्य गरीब, आजारी बायकांच्या सेवेत घालवलं. समाजकार्य आणि समाकलन यांचं वाकडं आहे असं समजणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं. दुसरं नाव आपल्या मंगला नारळीकरांचं. १९६४ साली त्या मुंबई विद्यापीठातून गणितात एम.ए. झाल्या, १९६६ साली लग्न झालं, मग परदेश, संसार, मुली. या सगळ्यातून वाट काढत १९८१ साली त्यांनी गणितात पीएच.डी. मिळवली. ‘गणितगप्पा’सारखी पुस्तकं लिहून २०२३ साली जाईपर्यंत त्या मुलांची गणिताची भीती घालवत राहिल्या. त्यांना शिकलेलं घर आणि मोठ्या संस्थांची सोबत मिळाली, हे खरंच. तरीसुद्धा पंधरा वर्षं लागली. मग मागावर कांड्या भरणाऱ्या पोरीकडून दोन वर्षांत चमत्काराची अपेक्षा आपण कुठल्या तोंडानं करतो?

आता कुणी म्हणेल, गणित नसलं तर बिघडलं काय? बिघडतं ते असं. २०२४-२५ पासून राज्य शासनानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. पण इंजिनिअरिंगचा प्रवेश गणिताच्या सीईटीवर होतो. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं दार सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानं मुलींना उघडलं, आणि मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली. त्या परीक्षेच्या ९०० मार्कांपैकी ३०० गणिताचे, आणि त्यात समाकलन आहे. मुलींना या परीक्षेसाठी तयार करणारी शासनाची संस्था २०२३ मध्ये आपल्या नाशिकलाच निघाली. म्हणजे चळवळीनं आणि न्यायालयानं मोठी दारं उघडायची, सरकारनं फी माफ करायची, आणि येवल्याच्या सायबर कॅफेत एका टिचकीसरशी ती सगळी बंद व्हायची! पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला, आपण काय सोडतोय, हे त्या दिवशी कुणी सांगतही नाही.

प्रत्येक मुलीनं गणित घ्यावंच असं माझं म्हणणं नाही. जिला नर्स व्हायचंय तिनं आनंदानं व्हावं. गणित सोडायचं असेल तर ते तिनं सोडावं, समजून-उमजून. तिच्या वतीनं दुसऱ्यानं सोडू नये. मुलीचं लग्न तिच्या मर्जीशिवाय ठरवू नका, असं सांगत आपण गावोगाव फिरलो. मग तिचा विषय तिला न विचारता ठरतो, तेव्हाही आपण तितक्याच ठामपणे उभं राहायला हवं.

करता येण्यासारखं पुष्कळ आहे. अकरावीचे फॉर्म सुरू व्हायच्या आधी प्रत्येक किशोरी गटात एक बैठक घ्यावी आणि कुठला विषय सोडला की कुठलं दार बंद होतं ते फळ्यावर लिहून दाखवावं. फॉर्म भरताना मुलगी स्वतः समोर बसलेली हवी. बचत गटाच्या बैठकीत आयांशी बोलून बारावीच्या मुलीला रोज दोन तास कुणी हाक मारायची नाही, असा ठराव करावा, आणि तो घरच्या पुरुषांनाही वाचून दाखवावा. गावातल्या बी.एस्सी. झालेल्या मुली-सुना शोधाव्यात, त्या आहेत, चुलीमागे. त्यांच्याकडून समाजमंदिरात, शेवटच्या गाडीच्या आधी, मराठीतून समजावून सांगणारे वर्ग चालवावेत. कॉलेजांकडे मागणी करावी की ज्यादा तास सकाळी ठेवा. यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही.

जन्मानं वाट्याला आलेलं आयुष्यभर निमूट वागवायचं नाही, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच येवल्यात जाहीर केलं. ‘मुलगी आहे, हिला गणित जमायचं नाही’ हा शिक्काही जन्मानंच मिळालेला आहे. तो पुसायचं काम या गावानं पहिल्यांदा हाती घ्यावं, असं मला वाटतं. तुमच्या गावात, तालुक्यात मुलींच्या गणिताचं काय होतं? अकरावीचा फॉर्म कोण भरतं? दहावीला आलेल्या एका तरी मुलीला या महिन्यात विचारा आणि ती काय म्हणाली ते जरूर लिहून कळवा.