तेल परक्याचें, पाणी आपलें

पुण्याहून सोलापुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर लोणी देवकर येथें घटकाभर उभें राहिलें, तर मालमोटारींची रीघ तुटतां तुटत नाहीं. कोणी औद्योगिक वसाहतींतला माल नेतो, कोणी तेलाची टांकी नेतो. आणि हंगामांत तर उसाच्या मोळ्यांनीं लादलेले ट्रॅक्टर एकामागून एक कारखान्याची वाट धरितात. आमचे विद्यार्थी या वाहनांचीं नांवें व अश्वशक्ति तोंडपाठ म्हणून दाखवितात. परंतु या सर्वांच्या पोटांत जें जळतें तें येतें कोठून, असें विचारलें तर "पंपावरून" एवढेंच उत्तर मिळतें. तें उत्तर खोटें नव्हे, पण अपुरें आहे. त्या पंपाच्या पलीकडे थोडें पाहावें, असें आम्हांस वाटतें.

मुंबईच्या शुद्धीकरण-कारखान्यांपासून पुण्याजवळील लोणी काळभोर व तेथून सोलापुराजवळील पाकणीपर्यंत जमिनीखालून तेलाचा नळ आलेला आहे. मुंबईजवळच्या समुद्रांत 'बॉम्बे हाय' येथें १९७४ सालीं तेल सांपडलें व १९७६ पासून तें निघूं लागलें, हें खरें. परंतु देशाची भूक त्याहून कितीतरी मोठी आहे. शंभर लिटर तेल लागलें, तर त्यांतील पंचाऐशींहून अधिक लिटर आपणांस परदेशांतून विकत आणावे लागतात. स्वयंपाकाच्या गॅसचाही निम्म्याहून अधिक भाग बाहेरूनच येतो. म्हणजे आमच्या मातांची चूल समुद्रापलीकडच्या शांततेवर अवलंबून आहे.

ती शांतता किती नाजूक आहे पाहा. इराण व अरबस्तान यांच्यामधील होर्मुझची सामुद्रधुनी जेथें अगदीं अरुंद आहे, तेथें तिची रुंदी चाळीस किलोमीटरही भरत नाहीं. पण २०२४ सालीं जगांत खपलेल्या तेलाचा सुमारें पांचवा हिस्सा त्याच चिंचोळ्या वाटेनें गेला. १९७३ च्या ऑक्टोबरांत अरब व इस्रायल यांचें युद्ध पेटलें, अरब राष्ट्रांनीं तेलाचा हात आखडता घेतला, आणि पिंपामागें तीन डॉलरांच्या आसपास असलेला भाव कांहीं महिन्यांतच बारा डॉलरांच्या घरांत गेला. २०२२ सालीं रशियानें युक्रेनवर स्वारी केली. युरोपनें रशियाचें तेल सोडून दुसऱ्या विहिरींकडे धांव घेतली, आणि आपण रशियाचें स्वस्त झालेलें तेल घेऊं लागलों. श्रीमंत राष्ट्रें बाजारांत चढाओढ करूं लागलीं म्हणजे भाव कोणाचा वाढतो, हें गांवच्या आठवडेबाजारांत गेलेल्या कोणासही सांगावें लागत नाहीं.

दूरदर्शी गृहस्थ सुगींतच पेव भरून ठेवितो. आपल्या सरकारनेंही विशाखापट्टणम्, मंगळूर व पादूर येथें खडक पोखरून तेलाचीं पेवें केलीं आहेत. त्यांत ५३ लक्ष ३० हजार टन तेल मावतें. परंतु एवढा सांठा साऱ्या देशास जेमतेम साडेनऊ दिवस पुरेल. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोल मोजून मिळूं लागलें, तेव्हां या देशांत लोकांनीं कोळशाच्या वायूवर मोटारी चालविल्या. पेवांतले दिवस सरले म्हणजे पुढें काय, हा प्रश्न त्या पिढीनें प्रत्यक्ष भोगला आहे.

या प्रश्नास आमच्या भागाचें एक उत्तर आहे, आणि तें म्हणजे ऊंस. पेट्रोलांत मद्यार्क मिसळावा ही कल्पना नवी नव्हे; त्याविषयींचा कायदा १९४८ सालींच झाला होता, व पुढें २००० सालीं तो रद्द झाला. आतां मात्र तिला मोठा जोर आला आहे. २०२२ सालीं पेट्रोलाच्या शंभर भागांत दहा भाग इथेनॉल झालें आणि २०२५ सालीं वीस. त्याचा मोठा भाग मका व तांदूळ यांपासून होतो; पण बारामती व इंदापूर तालुक्यांतील उसाचाही त्यांत वांटा आहे. परदेशीं जाणारा पैसा शेतकऱ्याच्या घरीं येतो, हा लाभ आम्ही हलका लेखीत नाहीं. उसाचें बिल आलें म्हणजेच अनेक घरांतून शाळेची फी भरली जाते, हें आम्हांस पुरतें ठाऊक आहे.

तथापि दुसरी बाजू झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. नीति आयोगाच्या २०२१ सालच्या अहवालांत, उसापासून एक लिटर इथेनॉल होण्यास सुमारें २,८६० लिटर पाणी लागतें, असें म्हटलें आहे. मुलांनीं हें गणित पाटीवर मांडून पाहावें. मोटारसायकलींत दहा लिटर पेट्रोल भरलें, तर त्यांत दोन लिटर इथेनॉल. तें सारें उसाचें मानलें, तर पाणी झालें ५,७२० लिटर! उन्हाळ्यांत गांवाच्या तोंडीं येणारा पांच हजार लिटरांचा टँकरही त्यापुढें उणा पडतो.

आणि तें पाणी कोठलें? भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें, तेव्हां नदीकांठचीं कित्येक गांवें जळांत गेलीं. लोणी देवकरच्या अलीकडील पळसदेवचें पुरातन देऊळ त्यांपैकींच. पाणी फार ओसरलें कीं तें उघडें पडतें. २०२४ च्या उन्हाळ्यांत उजनीचा उपयुक्त सांठा पार संपून मृतसांठ्याला हात लागला, तेव्हां देऊळ पाहावयास हौशी लोकांची गर्दी झाली. पण कांठच्या शेतकऱ्याच्या पोटांत गोळा उठला. त्याच्या आदल्याच वर्षीं पाऊस कमी झाला होता. साखर अपुरी पडेल या भीतीनें केंद्र सरकारनें डिसेंबरांत उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले, आणि ते पुढच्या ऑगस्टांत उठविले. याचा अर्थ उघड आहे. अरबस्तानच्या विहिरीवरून सुटका करून घेतां घेतां आपण पावसाच्या ढगाला बांधले जात आहों. परक्याचें तेल वांचविण्यासाठीं आपलें पाणी गहाण टाकणें, याला स्वावलंबन म्हणतां येणार नाहीं.

मग ऊंस टाकून द्यावा काय? आमचें मत तसें मुळींच नाहीं. साखर करून उरलेल्या मळीपासून इथेनॉल आधीं करावें. रस त्याकडे वळवितांना मात्र धरणांत पाणी किती आहे तें अगोदर पाहावें. उसाला पाणी ठिबकानेंच द्यावें. जेथें सूर्य वर्षाचे बहुतेक दिवस तळपतो, तेथें त्याच्याकडून काम न घेणें ही उधळपट्टीच होय. महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं 'मागेल त्याला सौर कृषिपंप' ही योजना काढली, तिचा लाभ पालकांनीं अवश्य घ्यावा. मात्र उपसा फुकट झाला म्हणून विहीर कोरडी करूं नये. गोठ्यांतील शेण गोबरगॅसांत घातलें, तर चुलीलाही इंधन मिळतें व शेताचें खतही बुडत नाहीं. अशा अनेक वाटांनीं थोडें थोडें मिळविणें हेंच शहाणपण; एकाच आडावर साऱ्या गांवाची भिस्त नसावी.

शेवटीं विद्यार्थ्यांस एक काम सांगतों. एक वही करावी व एक महिनाभर तींत रोज लिहावें: घरच्या दुचाकींत किती पेट्रोल गेलें, ट्रॅक्टरांत किती डिझेल गेलें, गॅसची टांकी किती दिवस पुरली, आणि शेताला पाणी किती तास दिलें. त्यांतील किती फेऱ्या पायीं अथवा सायकलीवर झाल्या असत्या, हेंही खरेंखरें लिहावें. महिना संपल्यावर ती वही वडिलांसमोर व आईसमोर ठेवावी आणि सर्वांनीं मिळून वाचावी. कोणत्या राष्ट्रानें कोणती विहीर ताब्यांत घेतली, हें ठरविणें आपल्या हातीं नाहीं. परंतु त्या वहींतील आंकडे आपले आहेत, व ते पुढच्या महिन्यांत कमी करणें सर्वस्वीं आपल्याच हातीं आहे.