कोणत्यातले तुम्ही? : जळकोट तालुक्यातून एक जाहीरनामा



दारात नवा माणूस आला की आपण त्याला पाणी देतो, आणि तांब्या त्याच्या हातात असतानाच विचारतो, "आडनाव काय?" त्यावरून कळलं नाही तर, "पाहुणे कुठले?" तरी उलगडा झाला नाही तर सरळच, "कोणत्यातले तुम्ही?" उत्तर मिळालं की आपला जीव थाऱ्यावर येतो. मग तो माणूस काय करतो, त्याला काय येतं, त्याच्या घरी कोण आजारी आहे, हे विचारायची गरजच उरत नाही.

त्या प्रश्नाला उत्तर देणं थांबवायचं, म्हणून आम्ही एकत्र आलो आहोत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण गैरसमज इथेच होतो. "जात विसरा" असं आम्ही म्हणत नाही. ज्याला जातीनं कधी अडवलं नाही, त्याला ते म्हणणं सोपं जातं. 27 जुलै 1978 ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, नामांतराचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला आणि मराठवाड्यात दलितांची घरं पेटली. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांना ठार मारलं. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला. जात पाहून ज्यांना मारलं, त्यांनी जात म्हणून एकत्र येणं आणि आरक्षण मागणं हा त्यांचा हक्क आहे, आणि त्या हक्काच्या बाजूनं आम्ही उभे आहोत. 1931 नंतर सगळ्या जातींचे आकडे जनगणनेतून बाहेर आलेच नाहीत. 2027 च्या जनगणनेत जात मोजायचं ठरलं आहे. ती मोजलीच पाहिजे.

आमचं भांडण दुसरीकडे आहे. झालेल्या अन्यायाचा पुरावा म्हणून जात सरकारपुढे ठेवणं वेगळं, आणि जातीनं माणसावर मालकी सांगणं वेगळं. पहिलं आम्हाला मान्य आहे, दुसरं नाही.

आमच्यातल्या एकीची आठवण सांगतो. ती सहावीत होती. शिष्यवृत्तीचे फॉर्म आले. सरांनी वर्गातच एकेक प्रवर्ग पुकारला आणि त्या त्या पोरांना उभं केलं. ती उभी राहिली, तिची मैत्रीण बसून राहिली. दोघी रोज एका झाकणात कारळाची चटणी कालवून जेवायच्या. त्या दिवशी मधल्या सुट्टीत मैत्रिणीनं विचारलं, "तू त्यांच्यातली का गं?" त्यात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. आठवडा सरायच्या आत मैत्रीण दुसऱ्या बाकावर गेली. शिष्यवृत्ती तिच्या हक्काची होती, ती मिळाली आणि पुढं उपयोगीही पडली. पण चाळीस पोरांपुढं उभं राहणं कोणत्याही शासन निर्णयात लिहिलेलं नव्हतं. म्हणून आमची पहिली मागणी शाळांकडे आहे. जातीचे कागद पालकांकडून कार्यालयात, एकेकट्यानं घ्या. वर्गात प्रवर्ग पुकारू नका.

दाखल्यावरची ओळख किती वरवरची असते, हे आपल्या मुलखाइतकं कोणाला ठाऊक असणार? 1956 पर्यंत उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. भाषावार राज्यं झाली, रेषा ओढली गेली, आणि तांडे तिच्या दोन्ही बाजूंना राहिले. बंजारा माणूस महाराष्ट्रात विमुक्त जातीत मोडतो, कर्नाटकात अनुसूचित जातीत, तेलंगणात अनुसूचित जमातीत. बोली एक, सेवालाल महाराज एक, सोयरीक रेषेच्या पलीकडे. पण सासऱ्याचा दाखला एक आणि जावयाचा दुसरा. तिकडे मराठा घरांत निजामाच्या काळातल्या कागदांवर "कुणबी" शब्द शोधला जातो आहे. 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयानं हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेतल्यापासून, शंभर वर्षांपूर्वी कोण्या कारकुनानं काय लिहिलं यावर नातवाचं शिक्षण अवलंबून राहिलं आहे.

म्हणून कोणाची मागणी खोटी ठरत नाही. सोयाबीन पडत्या भावानं विकून पोराची फी न भरू शकणाऱ्या मराठा बापाचं दुःख खरं आहे. आपल्या वाट्याची जागा जाईल ही माळ्याची, धनगराची, वंजाऱ्याची भीतीही खरी आहे. अंतरवाली सराटीत 2023 च्या ऑगस्टअखेर मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं आणि 1 सप्टेंबरला लाठीमार झाला. 2024 च्या जूनमध्ये वडीगोद्रीत ओबीसींचं उपोषण बसलं. दोन्ही गावं एकाच अंबड तालुक्यातली, एका रस्त्याची. मागण्या सरकारकडे होत्या, पण कडवटपणा गावागावांत मुरला. अमक्याच्या दुकानातून माल घेऊ नका, तमक्याच्या ऑटोत बसू नका, असं मोबाईलवर फिरू लागलं. वर्षानुवर्षं वारंगुळ्यानं पेरणी करणारे शेजारी बांधावर बोलेनासे झाले. सरकारशी असलेलं भांडण आपण शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवलं, आणि त्यात दुकानदाराचं, ऑटोवाल्याचं, त्या शेजाऱ्याचं स्वतःचं असं काही उरलंच नाही.

दुसरा वार आतून होतो. आपल्याच जातीच्या पुढाऱ्याला कोणी हिशोब विचारला की तो "समाजाचा गद्दार" ठरतो. बाईनं विचारला तर तिच्या चारित्र्यावर बोललं जातं. समाजाच्या बैठकीत सतरंजीवर पुरुष आणि स्वयंपाकघराच्या दारात बाया, हे चित्र कोणत्याही जातीत फारसं वेगळं नाही. ज्या समाजात बाईला एकटीचं मत ठेवता येत नाही, तो समाज तिचा आहे असं आम्ही मानत नाही.

आणि महापुरुष? 15 फेब्रुवारीला सेवालाल महाराज, 19 फेब्रुवारीला शिवराय, 14 एप्रिलला बाबासाहेब, अक्षय तृतीयेला बसवेश्वर, 31 मे ला अहिल्यादेवी, 1 ऑगस्टला अण्णाभाऊ. प्रत्येकाचा झेंडा वेगळा, डीजे वेगळा, वर्गणी मागायची घरंही वेगळी. ज्यांनी माणसाला जातीबाहेर काढण्यासाठी आयुष्य घातलं, त्यांनाच आपण जातीत कोंडलं. बसवकल्याण आपल्यापासून किती लांब आहे? बाराव्या शतकात तिथं मधुवरस या ब्राह्मणाच्या मुलीचं आणि हरळय्या या चर्मकाराच्या मुलाचं लग्न शरणांनी लावलं. त्यापायी दोन्ही बापांना देहदंड झाला, असं परंपरा सांगते. बसवजयंतीच्या मिरवणुकीत नाचणाऱ्या किती घरांत आज तसं लग्न होऊ दिलं जाईल, हे आपल्याला आपलं ठाऊक आहे.

घटनेचा मसुदा मांडताना 4 नोव्हेंबर 1948 ला बाबासाहेबांनी संविधान सभेत समाधान व्यक्त केलं होतं की या मसुद्यानं गावाला नव्हे, व्यक्तीला घटक मानलं आहे. त्याच घटनेनं सोळाव्या कलमात मागासवर्गांसाठी आरक्षणाची तरतूदही केली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी शक्य आहेत, इतकंच आम्ही म्हणतो, आणि त्या जळकोटात करून पाहणार आहोत.

दुसऱ्या जातीच्या महापुरुषाच्या जयंतीत आम्ही वर्गणी देऊ, सतरंज्या उचलू, पण डीजेसाठी एक रुपया देणार नाही. लातूरला शिकायला गेलेल्या पोरांना खोली देताना घरमालक जात विचारतो. अशा ठिकाणी आमच्यातल्या कोणाचं पोरगं राहणार नाही, मग त्याला तिथं खोली मिळत असली तरी. जिथं प्रेताला जातीवरून स्मशानाची वाट अडवली जाते, तिथं आम्ही खांदा द्यायला जाऊ. जातीबाहेर लग्न केलेल्या पोरापोरींना वाळीत टाकलं, तर 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. तक्रार लिहायला आणि ठाण्यात सोबत बसायला आम्ही येऊ. हे काम सगळ्यात अवघड आहे, कारण समोर बहुतेक वेळा आपलाच चुलता असेल.

निवडणूक लढवणार नाही, कोणाला पाठिंबा देणार नाही. चळवळीला नावही अजून ठेवलेलं नाही, कारण सुचवलेल्या प्रत्येक नावात कोणाला ना कोणाला एखादी जात दिसली.

सही करायला वही ठेवली आहे. तीत तीन रकाने आहेत: स्वतःचं नाव, आईचं नाव, गाव. आडनाव लिहावंसं वाटलं तर लिहा, आम्ही विचारणार नाही.