गडी कोण मागावा?

प्रो कबड्डीचा लिलाव जवळ आला कीं आमच्या किनाऱ्यावरील घरांतून एक नवें ज्योतिष सुरू होतें. अलिबाग, नागांव, चौल, रेवदंडा, मुरुड, श्रीवर्धन, कोणत्याहि गांवीं जा. ज्या घरांत शाळा-कॉलेजांत जाणारीं दोन-तीन मुलें आहेत तेथें एक कागद हमखास सांपडेल. वर ‘यू मुंबा’ असें शीर्षक, खालीं सात जागा, आणि प्रत्येक जागेपुढें एक-दोन नांवें. कांहीं खोडलेलीं, कांहींवर प्रश्नचिन्ह. आपला संघ लिलावांत कोणास घेणार, याचें हें भाकीत. आमच्या घरीं असे दोन कागद आहेत. नातू यू मुंबाच्या पक्षाचा; नात पुण्यास शिकते, म्हणून ती पुणेरी पलटणीची. जेवणाच्या पंक्तींत सध्यां दुसरा विषय नाहीं.

आमच्या पिढीच्या पुष्कळ लोकांस यांतील ‘लिलाव’ हा शब्दच खटकतो. लिलाव जप्तीच्या मालाचा व्हावा, माणसांचा कसा? शब्द ओंगळ आहे, हें आम्हांसहि मान्य. परंतु तेथें माणूस विकला जात नाहीं. त्याच्या खेळाचा हंगामापुरता करार होतो व पैसा त्याच्याच हातीं पडतो. पूर्वीं उत्तम गड्याच्या नशिबीं फार झालें तर रेल्वेंत, पोलिसांत किंवा बँकेंत नोकरी असे. २०१४ सालीं मुंबईंत पहिला लिलाव झाला तेव्हां राकेश कुमार यास पाटण्याच्या संघानें १२ लाख ८० हजार रुपयांस घेतलें, आणि तो त्या वेळचा उच्चांक ठरला. २०२३ सालीं पवन सेहरावत याच्यासाठीं तेलुगू टायटन्सनीं २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. हुतुतूच्या गड्यास कोणी कोटी रुपये देईल, असें आमच्या वडिलांस कोणी सांगितलें असतें तर त्यांनीं सांगणाऱ्याची नाडी पाहिली असती.

शिवाय गडी निवडणें ही गोष्ट आपणांस नवी थोडीच आहे? शाळेच्या पटांगणांत दोन नायक उभे राहत आणि बाकीचीं मुलें जोडीजोडीनें गळ्यांत हात घालून दूर जात; गुपचूप नांवें घेऊन परत येत व विचारीत, ‘आंबा पाहिजे कीं फणस?’ नायकास कोण आंबा व कोण फणस हें ठाऊक नसे, आणि जोडी सारख्या ताकदीची असल्यामुळें दोन्ही बाजूंस न्याय मिळे. दुसरी रीत अधिक कठोर. नायकांनीं आळीपाळीनें नांव घेऊन गडी मागावयाचे. तींत शेवटपर्यंत उभा राहणारा एक मुलगा असतोच, आणि वर्षानुवर्षें मास्तरकी केलेल्या माणसास त्याचा चेहरा निराळा सांगावा लागत नाहीं. अमेरिकेंत त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलमध्यें १९३६ पासून चालत आलेली निवड ही याच दुसऱ्या रीतीची. फरक इतकाच कीं मागील हंगामांत जो संघ तळाशीं राहिला त्यास प्रथम मागण्याचा हक्क. तेथें टॉम ब्रॅडी हा खेळाडू २००० सालीं १९९ व्या क्रमांकावर मागितला गेला, आणि पुढें त्या खेळांतील थोरांत गणला गेला.

आळीपाळीच्या निवडींत भाकीत करणारास फक्त मागणारांचा क्रम व त्यांची गरज ओळखावयाची असते. लिलावांत थैलीचें गणित वाढतें. २०२५ च्या लिलावांत प्रत्येक संघास पांच कोटींची मर्यादा होती, आणि तेवढ्यांत किमान १८ व कमाल २५ गडी बसवावयाचे होते. खेळाडूंचे चार वर्ग. आरंभींची किंमत अ वर्गास ३० लाख, ब वर्गास २०, क वर्गास १३ आणि ड वर्गास ९ लाख. आतां आमच्या नातवाच्या पहिल्या कागदावर अ वर्गांतील सहा नांवें होतीं! कोटी-दीड कोटींचे चार गडी घेतले कीं थैली रिकामी. मग उरलेल्या चौदा जणांनीं काय फुकट खेळावें? बेरीज करून पाहा, असें सांगितल्यावर त्यानें तो कागद निमूटपणें फाडला.

दुसरी गोष्ट गरजेची. कबड्डींत चढाई करणारा सर्वांच्या डोळ्यांत भरतो. पण सामना पुष्कळदां कोपरारक्षक व मध्यरक्षक राखतात. ज्या संघाचा डावा कोपरा रिकामा आहे तो आणखी एका चढाईपटूमागें धांवेल असें मानणें व्यर्थ आहे. २०१८ सालीं यू मुंबानें इराणच्या फझल अत्राचली यास एक कोटीस घेतलें. लिलावांत कोटीस पोंचणारा तो पहिला गडी, आणि तो चढाईपटू नव्हता, डाव्या कोपऱ्याचा होता.

परंतु संघाची गरज ओळखणें आणि संघाचें हित ओळखणें यांत अंतर आहे, आणि आमच्या घरांतील बहुतेक वाद हें अंतर न पाहिल्यामुळें होतात. क्रिकेटमधील उदाहरण घ्या. २००८ सालीं आयपीएलच्या आरंभीं १९ वर्षांखालील मुलांसाठीं लिलाव न करितां आळीपाळीची निवड ठेविली होती. दिल्लीच्या संघास विराट कोहली हा आपल्याच शहरचा मुलगा मागतां आला असता. परंतु त्यांच्याकडे फलंदाज पुष्कळ, म्हणून त्यांनीं प्रदीप सांगवान हा डावखुरा गोलंदाज मागितला. कोहली बंगळूरकडे गेला. त्या दिवसापूर्वीं ज्यानें कागदावर ‘सांगवान’ असें लिहिलें असेल त्याचें भाकीत अचूक आणि दिल्लीची निवड चुकीची, हीं दोन्ही विधानें एकाच वेळीं खरीं आहेत. भाकीत म्हणजे सल्ला नव्हे.

निवडणाराचा स्वभावहि पाहावा लागतो. उद्योगपर्वांत अर्जुन व दुर्योधन द्वारकेस साह्य मागावयास गेले. दुर्योधन आधीं पोंचला होता. तथापि कृष्णाच्या दृष्टीस अर्जुन प्रथम पडला, आणि वयानें तो धाकटा, म्हणून पहिली निवड त्यास मिळाली. एकीकडे नारायणी सेना, दुसरीकडे शस्त्र न धरणारा एकटा कृष्ण. केवळ गरज पाहून हस्तिनापुरांत कोणी भाकीत करावयास बसला असता तर त्यानें ‘अर्जुन सेना घेणार’ असेंच लिहिलें असतें. दुर्योधन तर उरलेला वांटा घेऊन आनंदानें घरीं गेला.

कबड्डींतहि अशा उलटापालटी थोड्या नाहींत. कोल्हापूर जिल्ह्यांतील चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई २०१८ सालीं यू मुंबास ३६ लाख ४० हजारांत मिळाला आणि पहिल्याच हंगामांत चढायांचे २१८ गुण करून गेला. पुढल्या वर्षीं तेलुगू टायटन्सनीं त्यास १ कोटी ४५ लाखांस उचलला. उलट, १८०० हून अधिक गुणांची चढाई ज्याच्या नांवावर, पाटण्यास लागोपाठ तीन विजेतेपदें मिळवून देणारांत जो अग्रभागीं, त्या प्रदीप नरवालवर २०२५ च्या लिलावांत कोणीच बोली लाविली नाहीं. त्यानंतर त्यानें निवृत्ति जाहीर केली. आमच्या नातवाला त्या रात्रीं जेवण गेलें नाहीं.

नातीचा कागद याहून शहाणा आहे, हें मान्य केलें पाहिजे. तिचें म्हणणें असें कीं आपल्या संघाचे अर्धे गडी लिलावांत येतच नाहींत. जुने राखले जातात आणि नव्या तरुणांशीं संघ परस्पर करार करितात. १ मार्च २०२४ रोजीं हैदराबादेंत हरियाणाचा २८–२५ असा पराभव करून पुणेरी पलटण विजेती झाली, तिचा कर्णधार अस्लम इनामदार हा अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतला मुलगा याच तरुणांच्या वाटेनें संघांत आला होता. त्याच संघानें शादलू या इराणी गड्यास मात्र २ कोटी ३५ लाख मोजले होते. तेव्हां घरीं पोसलेले गडी पुष्कळ आणि बाहेरून महाग असा एखादाच, हा त्या संघाचा स्वभाव मानून ती भाकीत करिते.

खरा तंटा झाला तो एका निराळ्याच नांवावरून. आमच्या किनाऱ्यावरील एका गांवचा मुलगा लाल मातींत खेळून वर आला आहे. उजव्या कोपऱ्यावर त्याची घोट्याची पकड पाहण्यासारखी. नातवानें त्याचें नांव यू मुंबाच्या यादींत घातलें. नात म्हणाली, “दादा, त्याला मॅटवरचा अनुभव किती? आणि तुमच्या संघाकडे उजव्या कोपऱ्यावर दोघे आहेत.” त्याचें उत्तर एकच, “आजोबा, पण तो आपला आहे ना!”

न्यायशास्त्रांत हेतूवांचून अनुमान नाहीं; पर्वतावर अग्नि आहे म्हणावयाचें तर धूर दाखवावा लागतो. ‘आपला आहे’ हा धूर नव्हे. परंतु तें नांव खोडावयास सांगणेंहि आमच्या जिवावर आलें. तो मुलगा ड वर्गांतला. त्या वर्गाचीं नांवें शेंकड्यांनीं, आणि त्यांतील बहुतेकांवर कोणी बोली लावीत नाहीं. नऊ लाख ही रक्कम संघमालकांच्या हिशेबीं चिल्लर असेल. त्याच्या घरीं त्यांत छप्पर होतें, बहिणीचें शिक्षण होतें. असा एक मुलगा निवडला गेला तर पांच गांवच्या मातींत खेळणारीं पोरें दुसऱ्या दिवशीं अर्धा तास अधिक खेळतील.

म्हणून आम्हीं कागदाच्या मध्यें उभी रेघ मारून दिली आहे. डावीकडे ‘अनुमान’; तेथें प्रत्येक नांवापुढें हेतु लिहिणें सक्तीचें. उजवीकडे ‘इच्छा’, तेथें हेतु विचारावयाचा नाहीं. त्या मुलाचें नांव सध्यां उजवीकडे आहे. डावीकडील बऱ्याच जागा कोऱ्या आहेत, कारण संघांनीं राखलेल्या गड्यांची यादी यावयाची आहे, आणि ती येईपर्यंत त्या भरूं नयेत असें दोघांचेंहि एकमत झालें आहे. नातीनें मात्र काल रात्रीं दादाच्या नकळत आपल्या पलटणीच्या कागदावर, उजवीकडे, तेंच नांव लिहून ठेविलें आहे.