स्मरणरंजन म्हणे!

गेल्या हिवाळ्यात एका चर्चासत्रात आम्ही गोविंद नारायण माडगावकरांच्या 'मुंबईचे वर्णन' या १८६३ सालच्या ग्रंथाविषयी बोललो. बोलणे संपताच एका विद्वान मित्राने शेरा मारला, की हे सारे स्मरणरंजन आहे. सभागृहात माना डोलल्या. शब्द मोठा सोयीचा. तो एकदा उच्चारला की पुस्तक उघडण्याची गरज उरत नाही.

आम्ही भंडाऱ्यात मराठी शिकवणारी माणसे. १८६३ सालच्या मुंबईचे स्मरण आम्हांला कुठून असणार? जे आपण जगलोच नाही त्याची आठवण येत नाही, त्याचे नवल वाटते. आणि विद्यार्थ्याला नवल वाटल्यावाचून समीक्षा सुरूच होत नाही, असे आमचे अनुभवान्ती मत आहे.

उदाहरण देतो. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत मराठी पंचांग छापले. त्यानंतर तीस वर्षांनीही छापील कागदाला शिवायला कचरणारे कर्मठ शहरात होते, हे माडगावकर नोंदवतात. वर्गात हे सांगितले तेव्हा मुले खदखदून हसली. मग एका मुलीने विचारले, "सर, शाईत चरबी असेल म्हणूनच ना? मग काडतुसांचे भय निराळे कसे?" त्या हसण्यातून जो तास उभा राहिला, तो 'वाङ्मयीन वैशिष्ट्ये सांगा' या प्रश्नातून आमच्या आयुष्यात कधी उभा राहिलेला नाही.

शिवाय या ग्रंथाचा काळ पाहा. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू होऊन दहा वर्षे झालेली, विहारचे पाणी शहरात येऊन तीन. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा पैसा मुंबईत ओतला जात होता. १८६५ साली तो फुगा फुटणार हे लेखकाला ठाऊक नाही, आपल्याला आहे. भरभराटीचे प्रत्येक वाक्य त्यामुळे आपण दोनदा वाचतो. यात रंजन आहेच. पण ते भाबडे आहे असे कोण म्हणेल?

दैनंदिन तपशिलाचा हा तिटकारा जुनाच आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला, तो बरेच फेरफार करून. भिक्षुकाची मूळ संहिता वाचकांच्या हाती यायला, दत्तो वामन पोतदारांच्या संपादनाने, १९६६ साल उजाडावे लागले.

मित्राचा एक आक्षेप मात्र खरा आहे. लिहिणारे पांढरपेशे होते; झाडूवाल्याने किंवा गिरणीत जाणाऱ्या बाईने आपल्या शहराचे वर्णन लिहून ठेवले नाही. मान्य. पण ही उणीव कोणाला बोचते? ज्याला भाजीचा भाव, विहिरीवरची रांग, दिव्याचे तेल वाचण्याची चटक लागली आहे, त्यालाच. ज्याने पुस्तक उघडलेच नाही त्याला ती कशी कळावी?

आम्हांला बोचते ती गोष्ट याहून जवळची आहे. मुंबईला माडगावकर मिळाले, भंडाऱ्याला मिळाले रसेलसाहेबांचे १९०८ सालचे गॅझेटिअर. जाती, पिके, महसूल, सारे त्यात आहे. पण ते कारभाऱ्यांसाठी लिहिलेले. पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या या गावात सकाळी कोणाच्या दारी ठोक्यांचा आवाज आधी सुरू होई, पवनीच्या कोष्ट्याला सूत उधार कोण देई, हे सापडायचे तर घराघरांतल्या चोपड्यांतच सापडेल. गोसीखुर्दच्या पाण्यात गावे गेली तेव्हा माळ्यावरचे असले कागद किती जणांनी सोबत नेले असतील? आणि आम्ही मराठीचे प्राध्यापक त्या वेळी काय करीत होतो? चर्चासत्रेच भरवीत होतो. असो.

परवा रद्दीच्या दुकानातून अशी एक चोपडी आम्ही वजनावर विकत आणली. मोडीत आहे. आमच्यापैकी एकालाच मोडी येते, तीही अडखळत. पहिल्या पानावर तीन गुंडांच्या कल्हईचा हिशेब आहे, एवढे लागले. दुसरे पान अजून लागलेले नाही.